दोन ते आठ

लसीच्या फ्रीजचं तापमान
दिवसातून दोनदा लिहायचं असतं.
सकाळी साडेनऊ, संध्याकाळी साडेचार.
दोनच्या खाली नको, आठच्या वर नको.
पुढं सही.
सतरा वर्षांत माझा एक चौकोन कोरा नाही.
सासूबाई गेल्या त्या सकाळीसुद्धा
सहा अंश लिहून मगच बस पकडली होती.

मार्चमध्ये तालुक्याला प्रशिक्षण झालं,
विषय : कामाच्या ठिकाणी मनाचं आरोग्य.
सभागृहात पंखे बारा, फिरणारे चार.
नागपूरहून आलेला पोरगा गोड बोलला :
डोळे मिटा, ताई, लांब श्वास घ्या,
एखादी शांत जागा आठवा.
मला फ्रीज आठवला.
त्याचं जाड झाकण, आतली ती एकसारखी घरघर,
आणि कुणीच हाक मारत नाही असा थंडावा.
शेजारी सिरोंजटोल्याची आशाताई
खुर्चीतच झोपून गेली, तोंड उघडं टाकून.
तिला कुणी उठवलं नाही.
त्या दिवशी कुणाचं काही भलं झालं असेल
तर ते तेवढंच.

मग तेंदूपत्त्याचा हंगाम आला.
रात्री दीडला लाइन गेलेली,
आणि फडीवरून आणली चंद्रकला उईके,
सातवा महिना सरत आलेला, सिकलसेलचं कार्ड
पदराच्या गाठीत घामानं भिजून मऊ.
हिमोग्लोबिन पाच पूर्णांक आठ.
मोबाइलच्या उजेडात तिची शीर शोधली,
तोंडात टॉर्च धरला देवाजी गुरनुलेनं,
आमचा ड्रायव्हर; ऐन दिवाळीनंतर
झाडीपट्टीच्या नाटकात दुष्ट राजा होतो तो.
मग सेहेचाळीस किलोमीटर.
जंगलातून. मोहाच्या वासातून.
मी तिचा हात धरलेला की तिनं माझा,
हे मला अजून सांगता येत नाही.

ती वाचली. बाळही.
जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत.
आम्ही परत फिरलो, नळावर तोंड धुतलं,
साडेनऊ वाजले होते,
मी तक्ता भरला.

चार दिवसांनी देवाजी हळूच म्हणाला,
"सिस्टर, त्या दिशी काटा सातावर होता.
तुमी पाच पूर्णांक आठ काहून लिवलं वो?"

मी बघितलं. माझंच अक्षर, माझीच सही.
चंद्रकलेचं रक्त
मी फ्रीजच्या चौकोनात भरलं होतं.
आणि कुणाच्याच ध्यानात आलं नाही,
कारण दोन ते आठमध्ये
ते अगदी बरोबर बसत होतं.

मी हसले. मग हसू थांबेना.
मग ते हसू राहिलं नाही.
सगुणाबाईनं ओपीडीचं दार लोटून घेतलं
आणि बाहेर झाडू घेऊन बसली पहाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी फ्रीजच्या तक्त्याखाली
जुन्याच तक्त्याची पाठकोरी बाजू चिकटवलेली.
पट्टीनं आखलेले रकाने :
जेवण. पाणी. झोप.
डावीकडे आमची नावं.
रोज दुपारी देवाजी दारात उभा राहायचा,
राजाच्या आवाजात गरजायचा,
"डबा उघडला का न्हाई, बोला!"
लाजेकाजेनं उघडायला लागायचा.
भात गार असायचा. पण असायचा.

जूनमध्ये तपासणीला साहेब आले.
चष्मा वर करून तो कागद वाचला.
"हे कुठल्या योजनेत बसतं?"
मी खाली बघितलं.
देवाजी म्हणाला, "कोल्ड चेन, साहेब."
साहेब थोडा वेळ उभे राहिले.
मग म्हणाले, पाणी आहे का गार?

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी तो कागद नीट पाहिला.
त्यात देवाजीचं नावच नव्हतं.
पट्टी घेतली. खाली एक ओळ आखली.
झोप : तीन तास.
पाणी : विचारलं नाही कुणी.
जेवण : फुटाणे, गाडीत.
पुढं सही केली.
माझी.